साडूला आलेली नोटीस

माझ्या साडूइतका बारीक आवाजाचा माणूस अख्ख्या माहुलात सापडणार नाही, आणि तरी गर्दी जमते ती त्याच्याच भोवती, हा देवाने माझ्यावर केलेला अन्याय आहे. कुठल्या देवाने, त्याच्या की माझ्या, ते विचारू नका. बंदरावर मासळीचा लिलाव पुकारण्यात माझा जन्म गेला. माझी हाक खाडीपलीकडे जाते असं लोक म्हणतात, आणि नाही म्हणाले तर मी म्हणतो. हा जाळी विणणारा. बोलायला लागला की उकळत्या किटलीचं झाकण थडथडतंय असं वाटतं.

बायको, म्हणजे माझी मेव्हणी, गेली तेव्हा वर्षभर तो कोणाशी बोलला नाही. मग कुर्ल्याला कुठल्याशा प्रार्थनेला जायला लागला, ख्रिस्ती झाला, आणि एकदम तोंड फुटलं. दर रविवारी संध्याकाळी मासळीबाजाराच्या नाक्यावर उलट्या क्रेटवर उभा राहून उपदेश! मी बोलायला लागलो की आमच्या हिला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. साडू बोलायला लागला की ही पदर सावरून पहिल्या रांगेत. "किती गोड बोलतात भावोजी!" मी पण ख्रिस्ती व्हावं, असं एकदा मनात येऊन गेलं. पण तिथेही तो माझ्या आधीचा.

धर्म बदलला तरी नारळी पौर्णिमेला तो बंदरावर यायचाच. नारळ सोडायचा नाही, हात मागे बांधून लांब उभा. मी म्हटलं, "आता तुझं काय काम इथे?" तर म्हणे, "समुद्र ओळखीचा आहे ना रे." आणि आजूबाजूच्या बायका लगेच डोळे पुसायला लागल्या. आम्ही वाजतगाजत सोन्याचा नारळ आणलेला, त्याच्याकडे कोणी बघेना.

त्याची आवडती गोष्ट एकच. कोळी रात्रभर जाळं टाकतात, काही लागत नाही. सकाळी येशू म्हणतो, पुन्हा टाका, आणि होडी बुडायला येते इतकी मासळी. मी पानाच्या टपरीवरून ओरडायचो, "भरती होती का ओहोटी?" तो हातातल्या पुस्तकाची पानं उलटायचा. "ते लिहिलेलं नाही."

"मग तुझा येशू आला असेल भरतीच्या टायमाला! त्यात काय मोठं?"

एका कोळणीने विचारलं, "मासळी कुठली होती, भाऊ?" हा गडबडून म्हणाला, "बोंबील!" अख्खा बाजार हसला. पण हसले तरी ऐकायला थांबले, वर दुसऱ्या रविवारी दुप्पट आले. प्रश्न माझा, गर्दी त्याची.

मग कोणीतरी तक्रार केली. दोन हवालदार आले. "परवानगी आहे का?"

"देवाचं नाव घ्यायला?"

"नाक्यावर घ्यायला."

आणि त्याला नोटीस आली. शिक्क्याची! मी उभा जन्म बोंबलतोय, राज्य करणाऱ्यांच्या सात पिढ्या काढल्यात, मला गप्प बसवावं असं सरकारला कधी वाटलं नाही. हा किटलीचा आवाज, आणि याला दोन हवालदार!

नातेवाईक म्हणून मला चौकीत बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. साहेब म्हणाले, "हे लोकांना आमिष दाखवून धर्म बदलायला लावतात, अशी तक्रार आहे. खरं का?" साडू माझ्याकडे बघत होता. मी मान डोलावली असती तर नाका माझा होता. पण खोटं किती बोलायचं माणसाने? "साहेब, हा आल्यागेल्याला चहा विचारत नाही. विचारलाच तर अर्धा कप, तोही बिनसाखरेचा. याच्याकडून आमिष घेऊन दाखवा, मी उद्या धर्म बदलतो!"

साहेब हसले. ती तक्रार मिटली, पण परवानगीशिवाय नाक्यावर बोलायचं नाही, हे कायम राहिलं. मी म्हटलं, "बोलू द्या हो त्याला. चुकीचं बोलला तर मी आहे ना!"

"तुम्हालाही नोटीस काढू का?"

"काढा ना!"

नाही काढली.

परवानगीचा अर्ज वर गेलाय, खाली आलेला नाही. नाका मोकळा झाला, तसा एका रविवारी मीच क्रेटवर चढलो. रिफायनरीच्या वासावर बोललो, डिझेलवर बोललो, खाडीपलीकडे जाईल असं बोललो. कोणी अडवलं नाही. कोणी थांबलंही नाही. ही कोलंबी घेऊन निघून गेली. त्या कोळणीने तेवढं विचारलं, "भाऊ आज नाही आले?"

तसाच साडूच्या खोलीवर गेलो. दार लावून, ओठातल्या ओठात वाचत बसला होता.

"मोठ्याने वाच की!"

"कोणी ऐकलं म्हणजे?"

"मी ऐकतोय ना. घरात परवाना लागत नाही."

त्याने तीच जाळ्याची गोष्ट काढली. आवाज पूर्वीपेक्षा बारीक. समोर बसून मला कान पुढे करावा लागला. होडी बुडायला आली तिथे मी नेहमीचं विचारलं, "भरती होती का ओहोटी?"

तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने पानावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "नाक्यावर विचार ना रे. तिथे सांगेन."

क्रेट मी घरी आणून ठेवलाय. हिला त्यावर कांदे ठेवायचेत. मी ठेवू देत नाही.