जाखाईची टेकडी

कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी मी डोंगर तयार करते. तयार करते म्हणणंही जरा जास्तच. बटण दाबलं, की प्रोग्रॅमच एक नवा आकडा घेऊन त्यावरून दऱ्याखोरी उभी करून देतो. आकडा बदलला की डोंगर बदलतो. नाही आवडला, तर पुढचा.

काल दुपारी आई चहा घेऊन आली आणि माझ्या स्क्रीनसमोर थबकली. "अगं, ही तर आपल्या गावची जाखाईची टेकडी! ती बघ खिंड." कप टेबलावर ठेवून तिनं पायातल्या सपाता काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले. माझं बोट मात्र सवयीनं बटणावर पडलं होतं. तिनं डोळे उघडले, तर समोर भलताच डोंगर.

"कुठं गेली गं?"

आधीचा आकडा मी जपून ठेवला नव्हता. आता ती टेकडी सापडणं शक्यच नव्हतं. "आणते परत," असं खोटंच म्हणून मी बटण दाबत राहिले. लहानपणी एसटी वळणावर आली की हीच आई माझे हात धरून त्या टेकडीला जोडायला लावायची. दिवसभर डोंगर बघणाऱ्या मला तीच ओळखू आली नव्हती. मान वर करवेना.

"राहू दे. पोचला असेल नमस्कार," म्हणत आई सपाता घालून निघून गेली.

स्क्रीनवर नवी टेकडी होती. मला नको असलेली. बटणाकडे गेलेलं बोट तसंच थांबलं. ही कुणाची असेल?