कालव्यापलीकडचं भरीत

जेवण कालव्याच्या पलीकडच्या पाळीवर होतं आणि जेवणारी बत्तीस माणसं अलीकडच्या. मधे बारा फूट रुंद, छातीइतकं पाणी. हा पराक्रम शेखर सरांचा. मलकापुरात ते भूगोल शिकवतात. टेम्पोवाल्याला "डाव्या पाळीनं ये" असं त्यांनीच सांगितलं होतं. फक्त सांगताना त्यांचं तोंड धरणाकडे होतं, आणि कालव्याची डावी-उजवी पाणी जातं त्या बाजूला तोंड करून ठरते. टेम्पोवाला बिचारा कालव्याच्या हिशेबानं गेला, भांडी उतरवली आणि मेहकरच्या भाड्याला निघून गेला. भांड्यांपाशी स्वयंपाकाच्या बेबीताई एकट्या बसल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी ओरडून कळवत होत्या, "सर, भाकरी गार होऊन राह्यल्या."

जानेफळच्या बाजूचा हा कालवा बहात्तरच्या दुष्काळात गावोगावच्या माणसांनी डोक्यावर माती वाहून खणलेला. सरांनी व्हॉट्सॲपवर 'ऐतिहासिक कालवा पदभ्रमण' जाहीर केलं, तेव्हा निम्मी माणसं इतिहासासाठी आली आणि निम्मी वांग्याच्या भरितासाठी. साडेबारानंतर इतिहासवालेही भरिताकडे सरकले होते.

वाट दाखवायला किसनराव होते. एकतीस वर्षं ते इथे पाटकरी, म्हणजे कोणाच्या शेताला किती वाजेपर्यंत पाणी जाईल ते गेट उघडून-मिटून सांभाळणारा माणूस. रिटायर होऊनही गेटची चावी गावच्या पाणीवापर संस्थेनं त्यांच्याकडेच ठेवली होती. चालताना त्यांच्या हातात काठी असते ती आधारासाठी नाही, पाळीला खेकड्यांनी केलेली बिळं शोधण्यासाठी. बीळ दिसलं की थांबायचं, गवत-चिखल ठासायचा, पायानं दाबायचं, मग पुढे. त्यांच्यामागून बत्तीस माणसांची रांगही सकाळपासून तशीच थांबत-चालत होती. गेटांना नंबर आहेत, पण किसनराव ती घराण्याच्या नावानं ओळखतात. सकाळी चहा देताना त्यांच्या बायकोनं, भिमाबाईंनी, सगळ्यांना सांगितलं होतं की मुलाच्या, रवीच्या लग्नात बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा नवरदेवाचा बाप सातव्या गेटवर होता. किसनरावांनी खुलासा केला होता की लग्न साडेअकराचं होतं, पण त्या शेताची पाण्याची पाळी बाराला संपत होती.

वरचं मोठं गेट तिथून हाकेच्या अंतरावर होतं. सरांना वाटलं, सुटलो. त्यांनी किसनरावांना बाजूला घेऊन गळ घातली.

"किसनभाऊ, अर्धा तास गेट पाडा. पाणी उतरलं की आम्ही उतरून पार होतो."

"नाही जमत, सर. कालव्याच्या शेपटाले, शेवटच्या वावरात, कोकिळाबाईची पाण्याची पाळी चालू आहे. तीन वाजेलोक."

"अर्ध्या तासानं काय होते?"

"इथं अर्धा तास बंद केलं, त शेपटाले दोन तास पाणी चढत नाही. तिचा गहू दाण्यात आहे. अन् तीननंतर कालवा बंद, सालभराचा."

सरांनी बत्तीस उपाशी माणसांचा दाखला दिला. किसनरावांनी त्यांच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि काठीनं पुढचा रस्ता दाखवला. पूल तीन किलोमीटरवर होता. तिथून पलीकडच्या पाळीनं परत तीन किलोमीटर मागे यायचं.

सगळे निघाले. बँकेतल्या अर्पितानं सरांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात विचारलं की भूगोलात दिशा कितवीला असतात. सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पुढच्या एका शेतात हरभरा सोलताना दिसलेल्या बाईंनी ओंजळभर घाटे दिले, तेवढ्यावर गट पुलापर्यंत तगला. किसनराव मात्र पलीकडच्या पाळीवरही बिळं सोडेनात.

पावणेतीनला पंगत बसली. भरीत गार, भाकरी ताठ, पण कोणी तक्रार केली नाही. किसनरावांनी ताट समोर घेतलं आणि तसंच ठेवलं. सरांनी दोनदा आग्रह केला. तीनला पाच कमी असताना कोकिळाबाईंचा फोन आला, शेवटचा वाफा भिजल्याचा. मग त्यांनी कालव्यात हात धुतले आणि भाकरी मोडली.

वाढता वाढता बेबीताई सहज बोलून गेल्या, की किसनकाकांनी तर सकाळीच पलीकडून टेम्पोला हात केला होता. सरांचा घास हातात राहिला.

"किसनभाऊ, तुमाले सकाळीच दिसलं होतं? मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

किसनरावांनी ठेचा भाकरीवर घेतला.

"तुमी चालाले आल्ते ना, सर."