लाल कांडी आणि शाबासकी सर

एखाद्या पोराने शाळेच्या खिडकीची काच फोडली, तर आमच्या शाबासकी सरांच्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं, "नेम छान आहे रे!" काच कशाने फुटली, भरपाई कोण देणार, वगैरे किरकोळ गोष्टींकडे ते नंतर वळायचे; तेही वळलेच तर. एकदा दहावीतल्या एका दिवट्याने मुख्याध्यापकांची सही ठोकून स्वतःला अर्ध्या दिवसाची सुट्टी मंजूर करून टाकली. सरांनी तो कागद उजेडाकडे धरला आणि अगदी मनापासून म्हणाले, "अक्षराचं वळण काय सुरेख आहे! मोठ्या सरांचं स्वतःचं इतकं सुरेख येत नाही." मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, शेजारीच उभे होते.

त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं. शाबासकी द्यायची ती पाठीवर थाप मारूनच, अशी त्यांची रीत, आणि देवाने शास्त्राच्या मास्तराला हात दिला होता पैलवानाचा. थाप बसली की पाचवीतलं पोर पुढच्या बाकापर्यंत पोचायचं. "सरांच्या भीतीने मुलं चांगली वागेनाशी झालीत," असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचे आणि सगळे खो खो हसायचे. पण मधल्या सुट्टीत पाहावं तर हीच मुलं सरांपुढे पाठ वाकवून रांगेत उभी. "सर, मी फळा पुसला." धप्प! "सर, मी आज खोटं नाय बोललो." धप्प! "सर, मी आज कायच नाय केलं." सर थक्क. "काहीच नाही? तू? अरे, केवढी मोठी गोष्ट केलीस!" धप्प!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची, यंत्रमागांच्या भिवंडीतली ही गोष्ट. सर ठाण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि येताना डोक्यात 'सद्वर्तन योजना' घेऊन आले. साऱ्या शाळेने मिळून राबवायची, संयोजक अर्थातच स्वतः सर. कुणी मारायचं नाही, कुणी ओरडायचं नाही. मुलाचं चांगलं वागणं शोधायचं, ते मोठ्याने सांगायचं आणि त्याला बक्षीस द्यायचं. 'वेळेवर या, नीट बोला, एकमेकांना सांभाळा' असे तीन नियम त्यांनी स्वतःच्या हाताने प्रत्येक भिंतीवर रंगवले. मुतारीसुद्धा सोडली नाही. तिथे कोण मेलं बोलायला जातंय, पण 'नीट बोला' होतंच.

मग छड्या गोळा झाल्या. पीटीच्या सरांनी आपली वेताची छडी देताना लेक सासरी पाठवावी तसा चेहरा केला. सगळ्या छड्या प्रयोगशाळेच्या कपाटात गेल्या, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली शाबासकी सरांच्या गळ्यात, सुतळीला. मोठ्या सरांनी मात्र आधीच बजावलं होतं, "स्नेहसंमेलनापर्यंत बघू. सुरळीत चाललं तर छडी कायमची बंद. काही वावगं झालं, की दुसऱ्या दिवशी कपाट उघडायचं. मग माझ्याकडे यायचं नाही."

"काय हो सर," मी एकदा विचारलं, "आम्ही काय मार खाल्ला नाही? छडीने कुणी मेलंय का?" माझ्या प्रश्नात काहीतरी छान शोधतील असं वाटलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी शोधलं नाही. म्हणाले, "मरत नाही, बाई. लूमवर जातं. मार खाल्लेलं पोर घरी सांगतं, मी शाळेत नाही जाणार. बाप म्हणतो, बरं झालं, चल माझ्याबरोबर शिफ्टला. एकदा शिफ्ट लागली की ते परत येत नाही. माझ्या वर्गातली कितीतरी गेली." दुसऱ्याचं खरं निघालं की मला राग येतो, म्हणून त्या दिवसापासून मी त्यांची नक्कल जास्तच जोरात करायला लागले.

नक्कल करावी असंच होतं सगळं! आम्हा शिक्षकांनाही कौतुकाचा अभ्यास लावला होता. त्यातही यांचा हट्ट असा, की नुसतं 'छान' म्हणायचं नाही. "बाई, नुसतं छान म्हणजे रिकामं पाकीट. काय छान ते सांगायचं." आता आठवी 'क'मध्ये काय छान सांगणार, कपाळ? एका मुलाला मी म्हटलं, "तू फार छान जांभई देतोस, सगळा घसा दिसतो." सरांनी ते दारातून ऐकलं आणि मान डोलावून म्हणाले, "उत्तम निरीक्षण!" या माणसाला टोमणा कळतच नव्हता. निदान मला तरी तसं वाटायचं.

आणि मग आल्या कांड्या. यंत्रमागावर आडवं सूत ज्या लाकडी नळीवर गुंडाळतात, ती कांडी. हातभर नाही, वीतभर लांब, गुळगुळीत, दिसायला गोजिरी. सरांना त्या रस्त्यात एका भंगारवाल्यापाशी दिसल्या आणि ते हरखले. टोपलीभर घरी आणल्या, तांब्याभर लाल ऑइलपेंटमध्ये बुडवल्या, वाळवल्या. चांगलं वागणाऱ्याला एक लाल कांडी. संमेलनाला ज्याच्याकडे जास्त कांड्या, तो आदर्श विद्यार्थी.

भिवंडीत कांडीचं बक्षीस! समुद्रात मीठ टाकायला निघालेल्या माणसाला काय म्हणावं? पण यात एकट्या सरांना हसण्यात अर्थ नाही. आम्ही ब्राह्मण आळीतली, कचेरीत आणि शाळेत नोकऱ्या करणारी माणसं. मागांची खटखट ऐकत जन्मलो, तिच्या तालावर झोपलो, पण मागाच्या शेडमध्ये पाऊल म्हणून टाकलं नाही. लूमवाल्यांच्या पोरांना शिकवायचं आणि त्यांच्या घरात काय पडलेलं असतं ते ठाऊक नाही, असे आम्ही उंटावरून शेळ्या हाकणारे. मला मात्र ठाऊक होतं, कारण आमची धुणेवाली घरून गोणीभर कांड्या आणून त्यांच्यावर आमचा बंब पेटवायची. मी सरांना सांगितलं का? छे! पुढची गंमत कोण चुकवेल?

गंमत आठवड्याभरातच सुरू झाली. वळ गावची एक आई डोक्यावर गोणी घेऊन थेट वर्गात शिरली. "सर, पोर बोलला का शालंत कांड्या लागतान. या आनल्यान. आजून लागल्या तं सांगा, आपल्याकडं कमी न्हाय!" सर दोन्ही हात जोडून म्हणाले, "मुलाच्या शाळेसाठी एवढं ओझं उचललंत, केवढी आस्था!" थाप मारायला हात उचलला होता, तो वेळीच आवरला, हे नशीब. त्यानंतर शाळेत लाल कांड्यांचा पूर आला. बोरांच्या बदल्यात कांड्या, गृहपाठाच्या बदल्यात कांड्या. बाजारातला लाल रंग संपला म्हणून काहींनी आईचं कुंकू वापरलं.

सगळ्यात मोठा साठा शेठच्या पिंट्याकडे. शेठ म्हणजे आमच्या संस्थेचे कार्याध्यक्ष. पूर्णा गावात जमीन, भिवंडीत मागांच्या शेड. पिंट्या नववीत होता, आणि वर्षभरात त्याने चांगलं वागल्याचं कुणी पाहिलं असेल तर देवाने. पण संमेलनाच्या आदल्या दिवशी त्याच्या गोण्या शेठच्या टेम्पोतून आल्या आणि मागोमाग शेठही आले. "सर, पोराचा सत्कार जरा दणक्यात होऊन जाऊ द्या. घरचे सगले येनार हाय."

शेठ गेल्यावर मी सरांना एकटं गाठलं. इतके दिवस मजा पाहिली, पण आता मला खरंच धास्ती वाटायला लागली होती. म्हटलं, "सर, ते भिंतीवरचे नियम आता पुरे करा. या कांड्या खोट्या आहेत हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. उद्या नुसतं नाव पुकारा, हार घाला आणि गप्प बसा. शेठ दुखावले तर कपाट उघडेल." सर गळ्यातली किल्ली चाचपत म्हणाले, "खरं आहे, बाई. पण काय छान ते सांगावं लागतं. नियम आपलाच आहे."

संमेलनाला मांडव खच्चून भरला होता. पिंट्या नवा सफारी घालून स्टेजवर, मागे गोण्या, पहिल्या रांगेत शेठचं गणगोत. सर माइकपाशी आले. एका गोणीतून कांडी काढली, दिव्याखाली फिरवून पाहिली आणि म्हणाले, "या मुलाने काय केलं ते मी सांगतो. हा रंग बघा. मी रंगवलेल्या प्रत्येक कांडीवर ओघळ आहेत. याच्या एकाही कांडीवर नाही. वडिलांच्या शेडमधून एवढ्या कांड्या निवडायच्या, रंगवायच्या, वाळवायच्या, आणि परीक्षा तोंडावर असताना! इतकी चिकाटी मी या शाळेत पाहिलेली नाही. पालकांनी टेम्पो दिला, त्यांचंही अभिनंदन." आणि पिंट्याच्या पाठीत धप्प!

मग मागच्या रांगांमधून, जिथे मजुरीने कांड्यांवर सूत भरणाऱ्या आया बसल्या होत्या, तिथून असं हसू फुटलं की मांडव हलला. शेठ उठून निघून गेले. सर भोळे होते की पक्के बेरके, हे मला आजही सांगता येणार नाही. चेहऱ्यावर तर नेहमीचंच कौतुक होतं. आणि पिंट्या? त्या सगळ्या गोंधळात पिंट्या एकटा खूश होता. कांड्या त्याने खरंच स्वतः रंगवल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. सरांची बदली वाड्याच्या वाटेवर, संस्थेच्या अंबाडीच्या शाखेत झाली, 'विनंतीवरून' असं लिहून. किल्ली मोठ्या सरांच्या हातात देताना ते म्हणाले, "तुम्ही शब्दाला पक्के आहात. दुसऱ्या दिवशी कपाट उघडायचं म्हणालात, दुसऱ्याच दिवशी उघडताय." मोठ्या सरांनी खाली पाहिलं. मग सर स्टाफरूममध्ये एकेकाचं काहीतरी चांगलं शोधत माझ्यापाशी आले. "बाई, तुम्ही माझी नक्कल फार बारकाईने करता. या शाळेत माझ्याकडे इतकं लक्ष देऊन दुसऱ्या कुणी पाहिलं नाही." पण माझी जीभ कसली सुधारते! म्हटलं, "निघा आता, वाड्याची एसटी चुकेल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या तासाला खळ्ळकन काच फुटली. पाहते तर मैदानात पिंट्या, हातात दुसरा दगड. दुसऱ्या कुणी शेठच्या पोराला हात लावला नसता. पण या कार्ट्याच्या गोण्यांपायी आमचा माणूस गेला, हे माझ्या डोक्यात खदखदत होतं. त्याला वर्गात ओढून आणलं, छडी उचलली, आणि तोंडून निघालं, "नेम छान आहे रे!" हुबेहूब त्यांच्याच आवाजात. इतक्या दिवसांची सवय, दुसरं काय.

वर्ग हसला. पिंट्याने माझ्याकडे पाहिलं, छडीकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. तो सवयीने वळला आणि पाठ वाकवून उभा राहिला.

मी छडी टेबलावर ठेवली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. पण माझा हात तो केवढा!

पिंट्या तसाच वाकून उभा होता. खालच्या मानेनेच म्हणाला, "बाई, जोरात मारा ना. सर मारायचे तशी."