अक्काचा ओटा

माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, थोरल्या बहिणीला, अक्काला, मी कधी पाहिलं नाही. वळसंगच्या पलीकडच्या गावात, सासरी, पाणी शेंदताना पाय घसरून ती विहिरीत पडली, एवढंच घरात सांगत. निरोप मिळून अप्पा पोचेपर्यंत तिला माती देऊन झाली होती. पुढं दरवर्षी श्रावणात अप्पा तिथं जायचे, सासरच्यांनी शेतात तिच्या मातीवर बांधलेल्या ओट्याला विभूती लावायचे, नारळ फोडायचे. अर्धा नारळ त्या घरी द्यायचा. ती माणसं तो हसतहसत घ्यायची.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमाराला अप्पांच्या मनानं घेतलं, ओट्यावर अक्काच्या नावाचा दगड बसवायचा. पाथरवटाला सांगूनही झालं. पण ती गेली ती तारीख कुणाला ठाऊक? विहिरीत कुणी मेलं की पंचनामा होतोच, जुने पंचनामे मामलेदार कचेरीत मिळतील, असं आमच्या हेडमास्तरांनी सुचवलं. मी सोलापुरात शाळेत शिकवत होते. शनिवारची शाळा सुटली की कचेरी गाठायची.

रेकॉर्ड रूम कसली, उंदरांचं बाळंतपणाचं घर ते! रुमालात बांधलेल्या गठ्ठ्यांवर लेंड्यांचा थर, आणि कारकून तिथंच पाय वर घेऊन शेंगाचटणी-भाकरी खातोय. रुमाल सोडला की बोटांना कुबट, चिकट काहीतरी लागायचं. आणि आत काय, तर बायका. ही विहिरीत, ती विहिरीत, सगळ्यांचे पाय घसरलेले. आमच्याकडच्या बायकांना धड चालता येत नव्हतं की काय, मेलं! शेवटी एका शनिवारी अक्का सापडली. कागद उतरवून घेतला आणि घरी अप्पांना वाचून दाखवला. पाय घसरून पडली, अंगावर जखम नाही, प्रेत दहनासाठी सासऱ्याच्या ताब्यात दिलं.

"हा कागद आपला नव्हे," अप्पा म्हणाले. "आपल्यात जाळत नाहीत."

खरंच होतं. आम्ही लिंगायत. आमच्यातलं माणूस गेलं की त्याला बसवतात, विभूती लावतात, उघड्या तोंडानं गावातून नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. मला वाटलं, पोलिसानं सवयीनं खरडलं असणार. पण अप्पांना चैन पडेना. दगडावर भलत्याच बाईची तारीख कोरली गेली तर? कागदावरच्या पंचांपैकी एकजण अजून हयात होता. मी त्याच्याकडे, अक्काच्या सासरच्याच गावी, गेले.

म्हातारा कट्ट्यावर तंबाखू चोळत बसला होता. मी कोण ते सांगितलं, कागद वाचला. जरासुद्धा दचकला नाही. तिचा सासरा कवाच मेला, आता कुणाचं भ्या, म्हणाला, आणि बाजारभाव सांगावा तसं सांगू लागला.

"गळ्यावर वळ हुता की. बसवून न्ह्यायची म्हंजी गावभर तोंड दिसलं असतं. म्हणून दिस उगवायच्या आत वड्याला न्हेऊन जाळली. अंगठा लाव म्हणले, लावला."

"आणि ओट्याखाली?"

"दगडं हायती. तुमचा बा यायचा हुता न्हवं, त्याला दाखवाय काय तरी पायजे की."

मग पिंक टाकली आणि चहा घेणार का विचारलं. शिसारी आली मला. त्या तोंडाची, त्या अंगठ्याची, आणि सगळ्यात जास्त त्या अर्ध्या नारळाची. दरवर्षी माझ्या बापाच्या हातून घेऊन पाट्यावर वाटून खाल्ला असणार मेल्यांनी! परत येताना अक्काच्या सासरच्या बायकांनी दारातून हाक मारली, पाणी तरी पिऊन जा म्हणाल्या. मी वळूनसुद्धा बघितलं नाही.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. लपवून काय करायचं होतं? ते रडले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत.

"ओढ्याला नेमकं कुठं," त्यांनी विचारलं, "ते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. त्या माणसाच्या कट्ट्यावर मला पुन्हा जाऊन बसावं लागणार होतं.