पनवेलची सहा मडकी

पनवेलच्या स्टँडवर एस. टी.तून उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि बापूसाहेबांची जड पिशवी माझ्या हातात होती. बापूसाहेब म्हणजे माझे मेहुणे, अक्काचे यजमान आणि पुण्यातल्या दारूबंदी प्रचार समितीचे सभासद. इथल्या नव्या केंद्रातली नीरा (ताडाचा ताजा, न आंबलेला रस) चाखून शेरा लिहायला समितीनं त्यांना धाडलं होतं. चहापलीकडे काहीही न चाखलेल्या माणसाला चव घ्यायला नेमणं आपल्याकडेच होऊ जाणे! मी सोबतीला होतो, म्हणजे पिशवीला.

बाजारात सुक्या मासळीचा वास आला तसं बापूसाहेबांनी नाकाला उपरणं लावलं, ते धर्मशाळा येईपर्यंत. तिथं धर्मा वाट बघत उभा होता. ताड छेदणारा, काटकुळा माणूस.

"सायब, सूर्य उगवायच्या आदी या," तो हात जोडून म्हणाला. "परवाना तुमच्या शेऱ्यावर हाय. नाय भेटला तर माजी झाडं उबीच ऱ्हातील, नि आमी उपाशी."

"अरे, पहाटेच येतो!" बापूसाहेब म्हणाले.

पहाटे उठले मात्र. पण पारोसा माणूस तोंडात पाणी घेत नाही, तिथं नीरा कुठली? विहिरीवर गेले, तर पोहरा दोरासकट आत पडला. तो निघेपर्यंत चांगलंच उजाडलं. मग अंघोळ, मग संध्या, मग पिशवीतून एकेक देव बाहेर आले. ओझं कशाचं होतं ते मला तेव्हा कळलं. आरती झाली तेव्हा सूर्य प्रबळगडाच्या हातभर वर आला होता.

ताडांखालच्या झापांच्या मांडवात सहा मडकी मांडलेली होती. शेजारी कचेरीतला कारकून, आणि धर्माची बायको येसू कपाळाला हात लावून बसलेली.

"मडक्याला आतून चुना लावला की रस गोड ऱ्हातो," ती म्हणाली. "पन ऊन चढलं की तो कुनाचं आईकत नाय, सायब."

बापूसाहेबांनी पहिलं मडकं चाखलं. "गोड." दुसरं. "गोडच." तिसऱ्याला म्हणाले, "किंचित तरतरी आहे." चौथ्याला उपरणं खांद्यावरून घसरलं. पाचव्याला त्यांनी पेला पुन्हा पुढे केला.

मी माझा पेला नाकाशी नेला आणि ओळख पटली. आमचं आजोळ वसईचं. लहानपणी मी आणि अक्कानं मामाच्या मडक्यातली ताडी चोरून प्यायली होती आणि दोघांनीही मार खाल्ला होता. ही तीच. ही ताडी आहे म्हणावं, तर तुम्हाला कसं ठाऊक? कारकुनाचीही तीच पंचाईत असावी. तो मन लावून झापं मोजत होता. धर्माला घाम फुटला होता. मला त्याची दया आली आणि आमची लाज वाटली. त्याचा रस पहाटे गोडच होता. आंबवला तो आमच्या आरतीनं. मी पेला रिकामा केला आणि म्हणालो, "उत्तम नीरा!"

सहाव्या मडक्यानंतर बापूसाहेबांनी ठळक अक्षरांत शेरा लिहिला: 'शेवटचे मडके सर्वोत्कृष्ट. या पेयाचा घरोघर प्रसार झाल्यास दारूचे नाव उरणार नाही.' येसूनं पदरानं डोळे पुसले, आणि अक्कासाठी एक बाटली भरून दिली.

खंडाळ्याच्या घाटात त्या बाटलीचं बूच उडालं ते पुढच्या गृहस्थाच्या टोपीवर.

"जोम आहे हो नीरेत!" असं म्हणून बापूसाहेब माझ्या खांद्यावर जे झोपले, ते पुण्यापर्यंत.

घरी त्यांनी स्वतः अक्काला पेला भरून दिला. "घे. समितीनं शिफारस केलेलं पेय आहे."

अक्कानं वास घेतला. एक घोट घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. धर्माचा परवाना आता आमच्या स्वयंपाकघरात अडकला होता.

"छान आहे हो नीरा," अक्का शांतपणे म्हणाली. "अगदी मामाकडच्यासारखी." आणि उरलेली बाटली तिनं दुधाच्या पातेल्यामागे नीट झाकून ठेवली.