मथळ्याच्या वरची ओळ

सुई हातात घेण्याआधी ती रोज एक पान वाचायची. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात समोर येईल ते चालायचं. कायद्याचं, यंत्रांचं, नाहीतर बीजगणिताचं. मुकादम टोमणा मारायचा, "वाचकबाई, पगार शिवायचा मिळतो." ती म्हणायची, "मग वाचलेल्याचा कापा."

रविवारी चर्चच्या उपासनेत शास्त्रपाठही तीच वाचायची, म्हणून हे नाव पडलेलं.

एका संध्याकाळी दोन गल्ल्या पलीकडे राहणारी सून दारात उभी राहिली. ओठ फुटलेला, मनगट सुजून हिरवंनिळं.

"पडलीस?"

"नाही, आई."

पुढचं विचारायची गरजच नव्हती. मुलगा तिचाच होता. संताप गिळून तिनं सुनेला आत घेतलं आणि दाराला कडी घातली.

सुनेच्या हाताला प्लास्टर चढलं त्याच आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब घरी आले. बायबलचं नवं भाषांतर उघडून त्यांनी ठळक मथळ्यावर बोट ठेवलं: 'पत्नींची कर्तव्ये'. त्याखाली बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावं, ही आज्ञा.

"वचनच आहे, बाई. मुलीनं नवऱ्याच्या घरी जावं. त्याला मी समज देतो."

तिनं वडिलांची जुनी प्रत त्यांच्यापुढे सरकवली. "ह्यात मथळा नाही. इथे आधी सगळ्यांनाच सांगितलंय, एकमेकांच्या अधीन राहा. त्याच दमात मग बायकांना. आणि नवऱ्यांना तर बायकोवर जीव ओवाळून टाकायला सांगितलंय. तुमच्या पुस्तकात ती पहिली ओळ मथळ्याच्या वर, आधीच्या परिच्छेदाला चिकटवलीय."

"ठाऊक आहे मला. मूळ भाषेत ते सलगच आहे. मथळे भाषांतरकारांनी सोयीसाठी घातलेत."

"कुणाच्या सोयीसाठी?"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "रविवारी हाच पाठ आहे. मथळ्यापासून वाचा. उगाच फाटे फोडू नका."

त्यांना ठाऊक होतं, हेच तिच्या घशाखाली उतरेना. माणूस अजाण असता तर तिनं एकवेळ सोडून दिलं असतं.

रविवारी तिसऱ्या रांगेत मुलगा बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, चारचौघांसारखा. तिनं मथळ्याच्या वरची ओळ वाचली. मुलाकडे बघून पुन्हा वाचली. मागून पाळकसाहेब खाकरले.

"मथळ्यापासून, बाई."

"मथळा प्रेषितानं लिहिलेला नाही," ती ध्वनिक्षेपकावरच म्हणाली आणि मथळा गाळून थेट नवऱ्यांच्या आज्ञेपर्यंत वाचत गेली. आवाज चढत गेला. मागच्या बाकावरून कुणीतरी बाई मोठ्यानं "आमेन" म्हणाली. कुणी हसलंही.

उपासना संपल्यावर चर्चच्या एका पंचानं, पुढच्या रविवारपासून तुम्ही वाचनातून विश्रांती घ्या, असं गोड शब्दांत सांगितलं. "आता मला विश्रांतीच द्या सगळे," एवढं बोलून ती घरी आली.

संध्याकाळी मुलगा दारात हजर.

"आई, भर मंडळीत माझी अब्रू काढलीस."

"अब्रूला प्लास्टर लागत नाही."

"तिला बाहेर पाठव. पाळकसाहेबांनीही तेच सांगितलंय."

"त्यांना त्यांचा मथळा लखलाभ. ती इथेच राहणार."

"मी तुझा मुलगा आहे!"

"म्हणून तर सांगतेय. ती डॉक्टरांचा कागद घेऊन पोलिसांत जाणार आहे. उद्याच. मी बरोबर जाणार."

तो दाराला टेकून उभाच राहिला, लहानपणी रुसल्यावर राहायचा तसा. तिनं हात चौकटीवर आडवा धरला. आत सुनेनं स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला.

मान न वळवता ती म्हणाली, "अगं, चहा दोनच कप टाक."