खुंटीवरची माळ

माकणीत कुणाचे डोळे पिवळे झाले, की लोक आधी सिताबाईचं दार धरत, मग दवाखान्याचं. घेटुळीच्या रोपाच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठवून ती माळ करायची आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. माळ दिवसागणिक लांबत जायची. डोक्यावरनं गळ्यात, गळ्यातनं छातीवर. बेंबीला टेकली की कावीळ उतरली. हसायचं तर हसा, पण तीस वर्षांत कैक माणसं बरी होऊन गेली होती, खोटं कशाला बोला. एक सुपारी घ्यायची बाई, बास.

मग तिच्याच घरात कावीळ आली. सून दीपाली, सातवा महिना. गुणाची पोर, सासूच्या पायाला रोज तेल लावल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकायची नाही. आधी ताप, मग ओकाऱ्या, मग डोळे हळदीसारखे.

"आई, लोहाऱ्याच्या दवाखान्यात दाखवून आणू," लेक सुरज म्हणाला.

"गावाची कावीळ म्या उतरवायची, आन् माझी सून दवाखान्यात? लोक तोंडात शेण घालतील."

सुरजनं आईचं ऐकलं. इथंच चुकलं बघा. सिताबाईनं त्या दिवशी एक सोडून दोन माळा केल्या. एक दीपालीच्या डोक्यावर ठेवली. एकीनं भागलं नाही तर असावी, म्हणून दुसरी खुंटीला अडकवली. जीवच तेवढा होता सुनेवर.

चौथ्या दिवशी माळ छातीवर आली. सिताबाई हरखली. दीपाली मात्र दिवसभर झोपायला लागली. दोन जिवांची हाय, थकली आसंल, असं सासूनं धरलं. पाचव्या दिवशी दुपारी पोरीनं डोळे उघडले आणि सासूला विचारलं, "आत्या, हे घर कुणाचं?"

सुरजनं तिला टेम्पोत घातलं आणि थेट सोलापूर गाठलं.

तिथली डॉक्टरीण वयानं लहान, पण खमकी. "कुठल्या गोळ्या घेतल्या? झाडपाला पोटात गेलाय का? खरं सांगा. लिव्हर असं अचानक बिघडायला तेही कारण असतं."

सिताबाई पुढं झाली. "पोटात काय बी न्हाय दिलं, बाई. नुसती माळ."

रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. कावीळ विषाणूची. ए नाही, बी नाही; ई.

"हा पाण्यातनं येतो," डॉक्टरीण म्हणाली. "बहुतेक माणसं आपोआप बरी होतात. पोटुशी बाईच्या मात्र जिवावर बेततं."

आपोआप. तीस वर्षांची सगळी बरी झालेली माणसं सिताबाईच्या डोळ्यांपुढनं गेली.

"पयल्याच दिवशी आणली आसती तर?"

"वाचलीच असती असं नाही सांगता येत, आजी. पण आमच्या नजरेखाली राहिली असती."

तिसऱ्या दिवशी दीपाली गेली. पोटातलं बाळही गेलं. नर्सनं पिशवीत घालून हिरव्या बांगड्या दिल्या आणि ती माळ दिली. रडायलाही सिताबाईला लाज वाटत होती. सुरज आईशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

तेरावा झाला आणि दोनच दिवसांनी शेजारच्या गावची एक बाई पिवळ्या डोळ्यांची लेक घेऊन दारात आली. सिताबाई सवयीनं उठली आणि खुंटीकडं गेली. दुसरी माळ तिथंच होती. कुणाच्या डोक्यावर ठेवली नव्हती, कुणाच्या अंगाला लागली नव्हती. तरी ती लांबत लांबत माणसाच्या बेंबीएवढी खाली लोंबत होती. काड्या वाळल्या होत्या, आकसल्या होत्या, गाठी सैल पडल्या होत्या.

सिताबाईनं माळ खुंटीवरच राहू दिली आणि हात मागं घेतला.

"काय झालं, मावशी?"

"पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. रगत तपास."

"नेते की. पण आधी माळ तरी घाला."

सिताबाईनं त्या पोरीच्या पिवळ्या डोळ्यांकडं बघितलं.

"माळ म्या माझ्या सुनेला घातली व्हती," ती म्हणाली.